बारा आणे फरक

“किती फरक वाटतो, काका?” धारप सरांनी विचारलं.

अण्णांनी सरांकडे न बघता माझ्याकडे बघितलं. सरांची दाढी चांगली भरघोस होती. तिच्यातून ओठ दिसत नसत, आणि समोरच्याचे ओठ दिसले नाहीत की माझ्या वडिलांना काही कळत नसे. म्हणून सरांनी विचारायचं आणि तेच मी अण्णांना पुन्हा विचारायचं, असं आमचं ठरलं होतं. मी विचारलं. अण्णांनी मनगटावरच्या काळ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, छताच्या पंख्याकडे बघत थोडा विचार केला आणि म्हणाले, “आठ आणे.”

“तू विचारलंस कधी? मला आजही काही ऐकू आलं नाही,” सर मला म्हणाले.

“तुम्हाला नव्हतं विचारलं, सर.”

“बरं. आणि आठ आणे म्हणजे दहापैकी किती?”

“पाच. सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे कानातला आवाज निम्म्यावर आला, असं म्हणतायत.”

सरांचा चेहरा असा खुलला की दाढीतूनसुद्धा कळलं. खरं तर त्यांना दहापैकी आकडा हवा होता. पण पहिल्या दिवशीच अण्णांच्या जोडीच्या दस्तगीरमामांनी “धापैकी किती ते मास्तरला विचारा, आमी काय पेपर तपासतो व्हय?” असं ऐकवलं होतं. तेव्हापासून आम्ही आण्यांवर आलो होतो आणि दहात रूपांतर मी करत होते.

ही गोष्ट इचलकरंजीतली, माझ्या गावातली. आमच्याकडे कान वाजणं ही काही बातमी नव्हे. यंत्रमागांच्या शेडमध्ये ज्याने उमेदीची वर्षं घालवली, त्याच्या कानात शिट्टी, घणघण, गुणगुण असं काहीतरी येऊन बसतंच. माग थांबला तरी ते थांबत नाही. डॉक्टर त्याला कर्णनाद म्हणतात. गावात नुसतं ‘कान वाजतात’ म्हणतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. माझे अण्णा, विरुपाक्ष होगाडे, हेही तेवढंच म्हणायचे. काय वाजतं, किती वाजतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मी कान तपासण्याचं शिक्षण घेतलं ते त्यांच्यासाठीच. पोरगी कानाची डाक्टरीण झाली, असं ते गल्लीभर सांगत सुटले. मी डॉक्टर नाही, हे सांगून सांगून मी दमले.

पुण्यात धारप सरांची छोटीशी कंपनी होती. पाच-सहा माणसं, दोन खोल्या. त्यांनी मनगटावर बांधायचा एक पट्टा बनवला होता. मोबाइलमधून कानात बारीक बारीक सूर वाजायचे आणि प्रत्येक सुराबरोबर पट्टा मनगटावर थरथरायचा. रोज थोडा वेळ कानाची आणि हाताची अशी जोडी जमवली, की मेंदू हळूहळू आतल्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतो, असं सरांना वाटत होतं. कागदावर ते पटायचंही. आता खऱ्या माणसांवर चाचणी करून बघायची होती. “कान वाजणारी माणसं एका जागी कुठे मिळतील?” असं सरांनी विचारलं, आणि मी तोंडातला चहा गिळायच्या आधीच म्हटलं, “आमच्या गावात.”

अण्णांनी पट्टा लगेच बांधून घेतला. याचं मला फार नवल वाटलं, कारण कानामागे लावायचं ऐकण्याचं यंत्र मी त्यांना कितीदा तरी देऊ केलं होतं आणि त्यांनी ते दर वेळी परत केलं होतं. “ते भैऱ्या मानसाचं हाय. मी भैरा न्हाई. माझं कान वाजत्यात, त्येच्यात बाकीचं बुडतंय, एवढंच,” असं त्यांचं म्हणणं. पट्टा मात्र घड्याळासारखा दिसायचा. तो बांधून ते कट्ट्यावर जाऊन बसले, तेव्हा बाह्या मुद्दाम वर दुमडलेल्या होत्या.

इथे आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी. चालू मागांच्या शेडमध्ये ओरडून उपयोग नसतो. तिथे सगळे आवाजाशिवाय बोलतात. नुसते ओठ हलवायचे, तेही जरा ठसठशीत, आणि जोडीला हातवारे. मिशीवरून बोट फिरवलं की मालक आला. या बोलण्यात भांडणं होतात, चेष्टा होते, लग्नंसुद्धा जमतात. माझी आई त्याच शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. “ह्यांनी मला मागनी घातली, ती समद्या शेडनं बघितली,” असं ती अजूनही पदर तोंडाला लावून सांगते.

अण्णांना ऐकू येईनासं झालं तसं हेच बोलणं आमच्या घरी आलं. शेजारीपाजारी म्हणायचे, होगाड्यांच्या घरात भांडण झालं तरी कळत नाही. मी पहिलीत गेले तेव्हा आमच्या बाईंनी घरी निरोप धाडला होता, की मुलगी कविता म्हणताना नुसतं तोंड हलवते, आवाज काढत नाही. आईने तो निरोप अण्णांना सांगितला, अर्थातच आवाज न काढता, आणि दोघं खूप हसले होते.

चाचणीच्या सुरुवातीला फरक असा कुणालाच नव्हता. माणसं समाजाच्या सभागृहात यायची, चहा प्यायची, “हाय तसंच हाय” म्हणायची आणि जायची. मी आतून खचत चालले होते. एका संध्याकाळी जेवताना आईने विचारलं, “न्हाई जमलं तर काय गं?”

“न्हाई जमलं तर कंपनीला टाळं,” मी भाकरी मोडत म्हटलं. “पैसे घालणारी माणसं पुढल्या महिन्यात येणार हायत. त्यांना दाखवायला काही नसलं, तर सगळंच संपलं. मग दुसरं काम बघायचं.”

अण्णा भाकरी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी ताकाची वाटी तेवढी माझ्याकडे सरकवली.

त्यानंतर फरक पडायला लागला. आधी कुणीतरी दोन आणे म्हणालं. मग चार आणे. मग अण्णा आठ आणे म्हणाले, आणि दस्तगीर मोमीन, अण्णांच्या शेजारच्या मागावर जन्म काढलेले आमचे दस्तगीरमामा, छाती पुढे काढून म्हणाले, “धा आणे, सायेब! पोरीनं गावाचं नाव काढलं.” सर सभागृहाच्या पायरीवर उभे राहून पुण्याला फोन लावायचे आणि फोनवर बोलताना फेऱ्या मारायचे. ते भले गृहस्थ होते. त्यांच्या आईचे कान वाजायचे, आणि ती त्या आवाजाला कंटाळून भिंतीवर डोकं टेकून बसायची, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. मीही हवेत होते. अण्णा त्या दिवसांत चिडचिडे झाले होते, जेवण कमी झालं होतं, दाढी करताना दोनदा कापून घेतलं होतं. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, “उन्हाळा हाय.” मीही ते खरं मानलं, कारण मानायला सोयीचं होतं.

तपासणीसाठी आम्ही पुण्याहून एक पेटी आणली होती. माणूस आत बसेल एवढी, जाड भिंतींची, समोर काच. दार लावलं की दारापुढचा बँडबाजासुद्धा आत ऐकू येत नाही. गावाने तिचं नाव ‘शीतपेटी’ ठेवलं होतं. “मेल्यावर बसायचंच हाय की आत, आत्तापास्नं कशाला?” असं म्हणत माणसं आत शिरायची.

त्या दिवशी सकाळी पेटीतला हेडफोन एका बाजूने बंद पडला होता. बाहेर बाकावर अण्णा आणि दस्तगीरमामा लवकरच येऊन बसले होते. मी त्यांना हात केला, पेटीत शिरले, दार ओढून घेतलं आणि वायर सोडवत बसले. मध्येच मान वर केली, तर काचेपलीकडे दोघांचं बोलणं चाललं होतं.

“कसं हाय आता?” दस्तगीरमामांनी विचारलं.

“कसलं काय,” अण्णा म्हणाले. “पैली शिट्टी हुती. ह्यो पट्टा बांधल्यापास्नं भोंगा लागलाय. गिरणीचा भोंगा नव्हं का, तसा. पट्टा काढला तरी थांबंना.”

“मग टाक की काढून.”

“आन् पोरीचं? कंपनीला टाळं लागंल म्हनली ती.” अण्णांनी मनगट चोळलं. “जाऊ दे. मी आज बारा आणे सांगतो. तू किती सांगतूस?”

“मी मागं धा सांगून बसलोय. आता उतरता येतंय व्हय? मीबी बारा.”

“समद्यांनी बारा नको. सायेबाला शंका येईल. कुनीतरी सहा सांगा.”

“महादबाला सांगून ठिवलंय. त्यो सहा म्हननार हाय.”

ते दोघं आवाज काढून बोलत होते की नाही, मला माहीत नाही. सवयीने बहुधा नाहीच. दार बंद आहे म्हणजे पोरीला काही कळणार नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता. या पोरीला ओठ वाचायला आपणच शिकवलं, हे अण्णांच्या ध्यानातच नव्हतं.

मला आधी हसू आलं. चाचणीतल्याच महादबाच्या सहा आण्यांचं. मग ‘भोंगा’ हा शब्द माझ्या डोक्यात शिरला. आमच्या गावच्या भोंग्याने झोपलेली पोरं दचकून उठतात. तो अण्णांच्या कानात दिवसभर चालू होता, जेवताना, झोपताना, माझ्याकडे बघून हसताना. आणि तो माझ्या हाताने लागला होता. मी काचेकडे पाठ करून त्या पेटीत रडले. पेटी त्या कामाला चांगली होती, बाहेर काही गेलं नाही. डोळे पुसून मी बाहेर आले, तेवढ्यात सरही येऊन खुर्चीवर बसले.

“या काका,” सर म्हणाले. “विचार गं निर्मला, आज किती?”

मी अण्णांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, ‘अण्णा, पट्टा काढा.’

‘का?’ अण्णांचे ओठ हलले.

‘मी आत हुते. त्या पेटीला काच हाय.’

अण्णांनी पेटीकडे बघितलं, मग दस्तगीरमामांकडे. दस्तगीरमामांनी हळूच मिशीवरून बोट फिरवलं.

‘गप ऱ्हा,’ अण्णा म्हणाले. ‘पुढल्या आठवड्यात ती मानसं येऊन जाऊ देत. मग काढतो.’

‘कान तुमचं हायत, अण्णा.’

‘माझं कान गेल्यातच. तुझी नोकरी नवी हाय.’

‘मी ही नोकरी कशापायी धरली? तुमच्या कानापायी. आन् तुमी माझ्यापायी कान…’

“काय चाललंय तुमचं?” सर आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. “कुणी काही बोलेल का?”

मी अण्णांचा हात धरला आणि पट्ट्याचं बक्कल सोडलं. त्यांनी हात मागे घेतला नाही. पट्ट्याखालची कातडी घामाने पांढरी पडली होती. मी पट्टा सरांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. आणे कुठून आले, भोंगा कसा लागला, मी जेवताना बोलले होते तिथपासून सगळं.

सरांनी पट्टा उचलून हातात घेतला. “म्हणजे सगळेच?” त्यांनी विचारलं.

“महादबा सहा म्हणणार होता,” मी म्हटलं.

सरांना हसू आलं, पण ते अर्ध्यातच थांबलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “माझी आईसुद्धा मला ‘आता बरं आहे रे’ म्हणायची,” ते म्हणाले. “मी खूश व्हायचो.” मग उठले आणि म्हणाले, “संध्याकाळी सगळ्यांना बोलाव. बायकांनासुद्धा. मला खरं ऐकायचंय.”

घरी गेल्यावर मी आधी आईवर चिडले. ती पीठ चाळत होती. “मला म्हाईत हुतं,” ती सरळ म्हणाली. “पर ह्यांनी चौंडेश्वरीची आन घातली. आता तुला कळलं ते देवीनंच कळवलं. माझी आन काय मोडली न्हाई.” आणि ती पुन्हा पीठ चाळायला लागली.

संध्याकाळी सभागृह भरलं. पुरुष मान खाली घालून बसले होते, बायका मागे. सरांनी दाढी केली होती. आम्ही बघतच राहिलो. त्यांचे ओठ पातळ होते आणि जरा वाकडे होते, आणि ते सगळ्यांना दिसत होते. ते सावकाश, तोंड उघडून बोलले, “मी रागावलेलो नाही. तुम्ही आमच्या पोरीला सांभाळलंत. पण मला आता आणे नकोत. तुमच्या कानात नेमकं काय वाजतं, एवढंच सांगा.”

पहिला महादबा उठला. सहा आणे वाया गेल्यामुळे तो तसाही नाराज होता. “माझ्यात कुकर हाय,” तो म्हणाला. “शिट्टी हुयाच्या आधी फुसफुसतो बगा, तसा. शिट्टी कधीच हुईत न्हाई.”

कुणीतरी हसलं. मागून त्याची बायको म्हणाली, “अवो, म्हनून तुमी सारखं गॅस बघायला उठता व्हय? मला वाटलं माझ्यावर इस्वास न्हाई!”

मग सगळ्यांनाच वाचा फुटली. एकाच्या कानात रातकिडे होते. एकाच्या कानात तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं चर्र व्हायचं. एक जण म्हणाला, एका कानात बारीक आणि दुसऱ्यात जाड वाजतं, दोन्हींचं जमत नाही. दस्तगीरमामा म्हणाले, “माझ्यात माश्या हायत. आंब्यावरच्या. पावनं आलं की मी उगंच हात हलवून वारतो, मानसास्नी वाटतं म्हातारं वेडं झालं.” त्यांच्या शेजारी वर्षानुवर्षं काम केलेली माणसं त्यांच्याकडे नव्याने बघत होती. एकाच शेडमध्ये, खांद्याला खांदा लावून, आणि कुणी कुणाला हे सांगितलं नव्हतं. सांगून काय होणार, असं प्रत्येकाला वाटत आलं होतं.

शेवटी सर अण्णांसमोर जाऊन बसले. “काका, तुम्हाला या पट्ट्यातून काय हवं होतं? शांतता?”

अण्णांनी सरांचे ओठ बघितले आणि थेट सरांनाच उत्तर दिलं. “शांतता घिऊन काय करू, सायेब? शेडमधी जल्म गेला. मला पोरीचा आवाज ऐकायचा हुता. ती काय बोलती ते बघून कळतं. पर आवाज कसा हाय तिचा, ते म्हाईत न्हाई. ही जल्मली तवापास्नंच कानात शिट्टी हाय. तिची आई म्हनती, गोड हाय. मला वाटलं, शिट्टी जरा खाली आली तर तिच्याखाली सापडंल.”

मी सभागृहाच्या खांबाला धरून उभी होते.

“शिट्टी जाईल असं मी म्हणणार नाही,” सर म्हणाले. “पण आवाज सापडेल कदाचित. ते कानामागचं यंत्र लावून बघा.”

“ते भैऱ्या…” अण्णांनी सुरुवात केली.

‘खोटं बोललासा,’ मी मध्येच त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं. ‘समद्या गावाला खोटं बोलायला लावलंसा. आता दंड भरायचा.’

अण्णांनी दस्तगीरमामांकडे बघितलं. त्यांनी या वेळी मिशीला हात लावला नाही. “भर की,” ते म्हणाले. “मीबी लावतो. दोघं भैरं म्हनून हिंडू.”

पैसे घालणारी माणसं आली नाहीत. सरांनीच त्यांना येऊ नका म्हणून कळवलं, आणि का येऊ नका तेही कळवलं. दिवाळीच्या सुमाराला कंपनी बंद झाली. सर नंतर एका कॉलेजात शिकवायला लागले. दाढी त्यांनी पुन्हा वाढवली नाही. मी गावातच एक गाळा घेतला आणि कान तपासायला बसले. आजही तिथेच बसते. मागावर जाणाऱ्या पोरांना कानात घालायची बोंडं देते आणि ती घालत नाहीत म्हणून त्यांच्यावर ओरडते. पट्टा काढल्यावर अण्णांचा भोंगा उतरत उतरत गेला. शिट्टी राहिली. ती आजही आहे. सकाळी मी ‘शिट्टी किती?’ म्हणून विचारते आणि ते खरं तेच सांगतात. बहुतेक दिवशी सोळाच्या सोळा आणे असते.

पण मला सांगायचं आहे ते यंत्र लावलं त्या दिवसाचं. सभेनंतर थोड्याच दिवसांनी ते पुण्याहून आलं. त्या दिवशी वीज नव्हती, म्हणून गल्लीतले माग थांबले होते. अण्णा सोप्यात खुर्चीवर आंघोळ करून, टोपी घालून बसले. लग्नाला बसल्यासारखे. मी यंत्र त्यांच्या कानामागे बसवलं, बारीक नळी कानात घातली आणि चालू केलं.

अण्णा दचकले. “कोन खोकलं?”

‘तुमीच,’ मी म्हटलं.

ते पुन्हा खोकले आणि खूश झाले. बाहेर कावळा ओरडला, त्यांनी मान वळवली. आत आईच्या बांगड्या वाजल्या, तेव्हा ते बराच वेळ स्वयंपाकघराकडे बघत बसले. मग खुर्चीत सावरून बसले, टोपी नीट केली आणि मला म्हणाले, “हां. बोल आता.”

मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले. मी म्हटलं, ‘अण्णा, ऐकू येतंय?’

अण्णा वाट बघत राहिले. त्यांनी मान थोडी कलती केली.

‘अण्णा, मी बोलतीय. येतंय का ऐकू?’

त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी कानामागे बोटाने टकटक केलं. “बंद पडलं वाटतं,” ते म्हणाले. मग माझं तोंड बघून मलाच समजावायला लागले. “ऱ्हाऊ दे निमे. कावळा ऐकला की. लई झालं.”

मी घाबरले. आणखी पुढे सरकले आणि आणखी मोठं तोंड करून म्हटलं, ‘अण्णा!’

“अगं निमे,” दारातून आई म्हणाली, “आवाज काढ की!”

अण्णांनी झटकन दाराकडे मान वळवली.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. त्यांच्याशी बोलताना मी आयुष्यात कधी आवाज काढलाच नव्हता, आणि आत्ताही काढत नव्हते. मी तोंड उघडलं. एकदा खाकरले. पहिलीतल्या बाईंपुढे उभं राहावं तसं वाटत होतं.

“अण्णा,” मी म्हटलं.

माझ्या ओठांकडे बघायची अण्णांना जन्माची सवय. त्यांनी हळूच डोळे मिटून घेतले.

“परत म्हन,” ते म्हणाले.